‘पीछे मूड’चे वर्गमूळ

बीजगणिताच्या वहीत तुम्ही हे वाक्य कधी तरी लिहिले असेल, किंवा लवकरच लिहाल : ‘या वर्गसमीकरणाची मुळे वास्तव नाहीत.’ वाक्य लिहून झाले, की खाली रेघ मारायची आणि पुढच्या उदाहरणाकडे वळायचे. क्ष² + १ = ० हे असेच एक समीकरण. क्ष² = –१ असायला हवा; पण कोणत्याही संख्येचा वर्ग ऋण नसतो, म्हणून उत्तर नाही. विषय संपला.

पुढे एक-दोन इयत्ता ओलांडल्या, की मात्र निराळाच प्रकार होतो. शिक्षक फळ्यावर लिहितात : ‘समजा, अशी एक संख्या आहे, की जिचा वर्ग –१ आहे.’ वर्गात चुळबूळ सुरू होते. मागच्या बाकावरून कुणी तरी धीर करून विचारतो, “सर, ही संख्या काल नव्हती, मग आज कुठून आली? आणि अशी मनाने संख्या काढता येत असेल, तर गणितात चूक-बरोबर राहिलेच कुठे?”

प्रश्न अगदी रास्त आहे. युरोपातील मोठमोठ्या गणितज्ञांनाही त्याने अडीचशे-तीनशे वर्षे सतावले. आज आपण त्याचेच उत्तर शोधू या.

अडचण कोठे आहे?

३ × ३ = ९, आणि (–३) × (–३) = ९. धन संख्येचा वर्ग धन, ऋण संख्येचा वर्गही धन आणि शून्याचा वर्ग शून्य. म्हणजे –९ हा कोणाचाच वर्ग नाही. ही गोष्ट आपल्याकडील गणितज्ञांनी फार पूर्वी स्पष्ट सांगितली होती. नवव्या शतकातील महावीराचार्यांनी ती सांगितली आणि बाराव्या शतकात भास्कराचार्यांनीही आपल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात सांगितली. त्यांचे म्हणणे असे, की धन संख्येला धन आणि ऋण अशी दोन वर्गमुळे असतात. पण ऋण संख्या ही मुळात वर्गच नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही. यात काही चूक आहे का? मुळीच नाही. हे म्हणणे लक्षात ठेवा. शेवटी आपण त्याकडे परत येणार आहोत.

कुंपणाचे कोडे

आता इटलीत जाऊ. जेरोलामो कार्दानो हा तेथील नामांकित वैद्य आणि तितकाच नामांकित गणिती. १५४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आर्स माग्ना’ या ग्रंथात त्याने एक उदाहरण घातले आहे : १० चे असे दोन भाग करा, की त्यांचा गुणाकार ४० होईल.

आपण ते जमिनीच्या भाषेत मांडू. २० मीटर कुंपण आहे. त्यात ४० चौरस मीटरचा आयताकृती वाफा बसवायचा आहे. लांबी व रुंदी मिळून १० मीटर. एक बाजू ५ + त आणि दुसरी ५ – त मानली, तर क्षेत्रफळ २५ – त² होईल. हे ४० व्हायचे, तर त² = –१५ हवा!

खरे तर येथे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. त शून्य असेल तेव्हा वाफा चौरस होतो आणि क्षेत्रफळ २५ भरते. एरवी ते त्याहून कमीच असते. तेव्हा ४० चौरस मीटरचा वाफा या कुंपणात बसणारच नाही. ऋण संख्येचे वर्गमूळ आपल्याला बजावते आहे, ‘बाबा रे, हे अशक्य आहे.’

कार्दानो मात्र तेवढ्यावर थांबला नाही. त्याने उत्तर म्हणून ५ + √(–१५) आणि ५ – √(–१५) असे दोन भाग लिहिले आणि नेहमीच्या रीतीने गुणाकार केला : २५ – (–१५) = ४०. ताळा जमला! पण याचा उपयोग काय, हे काही त्याला दिसले नाही. अशा हिशेबाला त्याने निरुपयोगीच ठरवले.

गोष्ट येथेच संपली असती, तर मागच्या बाकावरच्या आपल्या मित्राचे म्हणणे मान्य करावे लागले असते. पण पुढे एक विलक्षण उदाहरण आले.

उत्तर आहे, पण वाट बंद!

त्याच काळात इटलीत घन समीकरणे सोडवण्याची रीत सापडली होती. स्किपिओने देल फेर्रो आणि निकोलो तार्ताग्लिया या दोघांनी ती स्वतंत्रपणे शोधली आणि कार्दानोने आपल्या ग्रंथात ती जगापुढे मांडली. क्ष³ = अक्ष + ब अशा समीकरणासाठी ती रीत अशी :

१. ब चे निम्मे करा व त्याचा वर्ग करा.
२. अ चा तिसरा हिस्सा घ्या व त्याचा घन करा.
३. वर्गातून घन वजा करा आणि बाकीचे वर्गमूळ काढा.
४. हे वर्गमूळ ब च्या निम्म्यात एकदा मिळवा व एकदा त्यातून वजा करा. मिळालेल्या दोन संख्यांची घनमुळे काढून त्यांची बेरीज करा. हेच उत्तर.

करून पाहू. क्ष³ = ६क्ष + ९ घ्या. ९ चे निम्मे ४½, त्याचा वर्ग २०¼. ६ चा तिसरा हिस्सा २, त्याचा घन ८. बाकी १२¼ आणि तिचे वर्गमूळ ३½. आता ४½ + ३½ = ८ आणि ४½ – ३½ = १. घनमुळे २ आणि १, बेरीज ३. ताळा : २७ = १८ + ९. रीत झकास आहे!

आता दुसरे उदाहरण. एका घनाकृती टाकीचे घनफळ, तिच्या बाजूच्या १५ पटीहून ४ ने जास्त आहे. तर बाजू किती? म्हणजेच क्ष³ = १५क्ष + ४. अंदाजाने ४ घालून पाहा : ६४ = ६० + ४. बरोबर! बाजू ४. अशी टाकी सुतार किंवा गवंडी सहज बांधून देईल. तिच्यात अशक्य असे काहीच नाही.

पण रीत काय म्हणते पाहा. ४ चे निम्मे २, त्याचा वर्ग ४. १५ चा तिसरा हिस्सा ५, त्याचा घन १२५. बाकी ४ – १२५ = –१२१. आता हिचे वर्गमूळ काढायचे!

कुंपणाच्या कोड्यात ऋण वर्गमूळ आले, तेव्हा उत्तरच नव्हते. येथे उत्तर डोळ्यांसमोर आहे, आणि तरीही वाटेत तेच ऋण वर्गमूळ आडवे आले आहे. ‘मुळे वास्तव नाहीत’ असे लिहून रेघ मारायची सोय येथे नाही.

राफाएल बोम्बेल्ली या बोलोन्याच्या अभियंत्याने ही कोंडी फोडली. दलदलीच्या जमिनीतील पाणी काढून ती लागवडीखाली आणणे, हा त्याचा व्यवसाय. १५७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या बीजगणितात त्याने ठरवले, की √(–१) असो वा नसो, त्याच्याशी नियमाने व्यवहार करून तर पाहू. –१२१ म्हणजे १२१ × (–१). तेव्हा त्याचे वर्गमूळ ११√(–१). आता √(–१) पुन्हा पुन्हा लिहिण्याऐवजी आपण ‘इ’ हे अक्षर वापरू. (मोठ्या वर्गांच्या पुस्तकांत त्यासाठी इंग्रजी ‘आय’ हे अक्षर असते. गणितज्ञ ऑयलर याने १७७७ मध्ये ते वापरले.) इ बद्दल आपल्याला एकच गोष्ट ठाऊक आहे : इ² = –१.

रीतीप्रमाणे २ + ११इ आणि २ – ११इ यांची घनमुळे हवीत. बोम्बेल्लीला सुचले, की पहिले घनमूळ २ + इ असावे. पडताळून पाहू :

(२ + इ)² = ४ + ४इ + इ² = ४ + ४इ – १ = ३ + ४इ

(३ + ४इ)(२ + इ) = ६ + ३इ + ८इ + ४इ² = ६ + ११इ – ४ = २ + ११इ

जमले! त्याचप्रमाणे २ – ११इ चे घनमूळ २ – इ. आता बेरीज : (२ + इ) + (२ – इ) = ४. इ ला इ ने छेद दिला आणि हाती राहिले आपले ओळखीचे ४.

बोरघाटातून जाताना गाडी बोगद्यात शिरते, बाहेरचे काही दिसेनासे होते आणि दुसऱ्या तोंडाशी पुन्हा लख्ख उजेड येतो. तसेच हे झाले. प्रश्न वास्तव, उत्तर वास्तव. मधली वाट मात्र इ मधून गेली. ज्या घन समीकरणाला तीन निरनिराळी वास्तव उत्तरे असतात, त्या प्रत्येकात ही रीत असाच बोगदा दाखवते. (आपल्या समीकरणाची उरलेली दोन उत्तरे –२ + √३ आणि –२ – √३.)

मनाला येईल ती संख्या काढता येते का?

“ठीक आहे,” आपला मित्र म्हणेल, “मग मीही एक संख्या काढतो. १ ला ० ने भागता येत नाही ना? समजा, भागता आले. त्या उत्तराला ‘ठ’ म्हणू.”

चला, ठ ला संधी देऊन पाहू. ठ चा अर्थच असा, की ० × ठ = १. आता (० + ०) × ठ किती? कंस सोडवला, तर ० × ठ + ० × ठ = १ + १ = २. पण ० + ० म्हणजे ०च; त्यामुळे तेच उत्तर ० × ठ = १ असेही येते. म्हणजे १ = २! ठ ला घरात घेतले आणि सगळे घर कोसळले. म्हणून ठ ला प्रवेश नाही.

तेव्हा नवी संख्या मनाने काढता येते; पण ती टिकायची, तर बेरीज-गुणाकाराचे जुने नियम मोडता कामा नयेत. हीच तिची परीक्षा. इ या परीक्षेत उतरतो. ३ + ४इ सारख्या संख्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार काहीही करा; इ² दिसेल तेथे –१ लिहा; १ = २ असा घोटाळा कधीही होत नाही. अशा संख्यांना संमिश्र संख्या म्हणतात.

मात्र दोन ठिकाणी जपायला हवे. पहिली गोष्ट : √अ × √ब = √(अब) हा नियम आपण धन संख्यांसाठी शिकलो आहोत. √(–४) × √(–९) करताना तो डोळे मिटून वापरला, तर √३६ = ६ असे उत्तर येईल, आणि ते चूक आहे. आधी २इ आणि ३इ असे लिहा; गुणाकार ६इ² = –६ येतो. दुसरी गोष्ट : इ हा शून्यापेक्षा मोठा की लहान, हे विचारू नका. मोठा मानला, तर मोठा गुणिले मोठा म्हणजे इ² शून्याहून मोठा हवा. पण तो तर –१ आहे. लहान मानला, तर –इ मोठा होईल आणि त्याचाही वर्ग –१च. तेव्हा संमिश्र संख्यांमध्ये लहान-मोठेपणाचा नेहमीचा क्रम सोडून द्यावा लागतो.

पण आजवर घोटाळा झाला नाही, म्हणून उद्याही होणार नाही कशावरून? ही शंका फिटायची, तर इ कोठे राहतो, हे बोट ठेवून दाखवले पाहिजे.

कवायतीच्या मैदानावर

त्यासाठी वर्गातून बाहेर मैदानावर या. शाळेची कवायत चालू आहे. मैदानावर संख्यारेषा आखली आहे असे समजा. मध्ये शून्य, उजव्या हाताला १, २, ३ आणि डाव्या हाताला –१, –२, –३. तुम्ही शून्यावर उभे आहात आणि तुमचे तोंड धन संख्यांकडे आहे.

हुकूम येतो : “पीछे मूड!” तुम्ही अर्धी गिरकी घेता आणि तोंड ऋण संख्यांकडे होते. –१ ने गुणणे म्हणजे हेच. ३ ला –१ ने गुणले की –३. बाण शून्याभोवती फिरून अगदी उलट दिशेला जातो. पुन्हा “पीछे मूड!” आणि तुम्ही होता तसे. (–१) × (–१) = १ असे का, हे यावरूनही ध्यानात येईल.

आता इ कडे वळू. इ² = –१ याचा अर्थ, इ ने दोनदा गुणले की –१ ने गुणल्यासारखे होते. मग असा कोणता हुकूम आहे, की जो लागोपाठ दोनदा दिला असता ‘पीछे मूड’ होते?

उत्तर तुम्हाला पहिलीपासून ठाऊक आहे : “बायें मूड!” एकदा बायें मूड म्हणजे काटकोनातून वळणे, दोनदा बायें मूड म्हणजे पीछे मूड. इ म्हणजे पाव गिरकी! आणि “दाहिने मूड” दोनदा दिला, तरी पीछे मूडच होते. तो झाला –इ. म्हणूनच –१ ला इ आणि –इ अशी दोन वर्गमुळे आहेत.

एकदा बायें मूड केल्यावर तुमचे तोंड कोठे आहे पाहा. ते ना धन संख्यांकडे, ना ऋण संख्यांकडे. ते रेषेबाहेर, मैदानाकडे आहे. इ चे घर तेथे आहे. इतकी वर्षे सारे जण त्याला एका अरुंद गल्लीत शोधत होते, आणि तो बाजूच्या मैदानात उभा होता.

आता आलेख कागद, कंपासपेटी आणि गुण्या घ्या. २ + इ म्हणजे शून्यापासून उजवीकडे २ आणि वर १ असा बिंदू. तो मांडून शून्याशी रेषेने जोडा. आता इ ने गुणा : २इ + इ² = –१ + २इ. हा बिंदू डावीकडे १ आणि वर २ असा येतो. तोही शून्याशी जोडा आणि दोन रेषांमध्ये गुण्या लावून पाहा. बरोबर काटकोन! प्रत्येक संमिश्र संख्या म्हणजे या कागदावरचा एक बिंदू, आणि या बिंदूंच्या बेरजेचे व गुणाकाराचे नियम साध्या वास्तव संख्यांनीच लिहिता येतात. जोवर वास्तव संख्यांचे नियम शाबूत आहेत, तोवर इ लाही धोका नाही.

हे चित्र प्रथम मांडले कास्पर वेसेल याने. हा नॉर्वेत जन्मलेला आणि डेन्मार्कमध्ये काम करणारा मोजणीदार होता. १७९७ मध्ये त्याने ते डेन्मार्कच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवले. पण बाहेरच्या जगाचे तिकडे लक्ष गेले नाही. १८०६ मध्ये पॅरिसमध्ये आर्गां याने तीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली. पुढे १८३१ मध्ये थोर गणितज्ञ गाउस याने तिचा पुरस्कार केला, तेव्हा लोकांच्या मनातली भीती गेली.

विजेच्या तारेत इ

आपल्या घरात येणारी वीज दर सेकंदाला ५० आवर्तने करते. तारेचे वेटोळे तिच्या वाटेत ठेवले, तर वेटोळ्यावरचा विद्युतदाब हा प्रवाहाच्या पाव आवर्तन पुढे असतो. पाव आवर्तन म्हणताच तुम्हाला पाव गिरकी आठवली असेल. समजा, मंडलातील रोध ३० ओहम आहे आणि वेटोळ्याचा अडथळा ४० ओहम आहे. एकूण ७० ओहम म्हणाल, तर चूक. येथे ३० + ४०इ असे लिहावे लागते. आलेख कागदावर हा बिंदू शून्यापासून किती दूर आहे? पायथागोरसच्या प्रमेयाने ५० एकक. मंडलाचा एकूण अडथळा ५० ओहमच भरतो! चार्ल्स स्टाइनमेट्झ या अभियंत्याने १८९३ मध्ये विजेचे हिशेब इ च्या साहाय्याने करण्याची पद्धत मांडली, आणि अभियंते आजही तसेच करतात. त्यांच्याकडे ‘आय’ हे अक्षर विद्युतप्रवाहासाठी राखलेले असते, म्हणून ते इ साठी ‘जे’ लिहितात, एवढाच फरक. १९२६ मध्ये श्रोडिंगरने अणूतील इलेक्ट्रॉनांचे वर्तन सांगणारे समीकरण मांडले. त्यातही इ आहे.

नावाने केला घात

अशा संख्यांना ‘काल्पनिक’ हे नाव देकार्त याने १६३७ मध्ये दिले आणि ते कायमचे चिकटले. गाउसला ते मुळीच पसंत नव्हते. त्याचे म्हणणे असे, की १, –१ आणि इ यांना धन, ऋण आणि काल्पनिक म्हणण्याऐवजी ‘सरळ’, ‘उलट’ आणि ‘बाजूची’ एकके म्हटले असते, तर त्यांच्याभोवती गूढ राहिलेच नसते. आपला कवायतीचा हुकूम हेच तर सांगतो!

आता मागच्या बाकावरच्या मित्राला उत्तर देऊ. संख्यारेषेवर इ काल नव्हता आणि आजही नाही. भास्कराचार्यांचे म्हणणे तेथे अबाधित आहे. पण टाकीच्या साध्या प्रश्नाने आपल्याला रेषेबाहेर पाऊल टाकायला लावले, आणि तेथे मैदान होते. तेव्हा वहीत ‘मुळे वास्तव नाहीत’ असे पुन्हा लिहाल, तेव्हा ते जरूर लिहा; वाक्य बरोबरच आहे. फक्त ‘वास्तव नाहीत’ म्हणजे ‘नाहीतच’ असे मात्र समजू नका.

सोडवून पाहा

१. इ³, इ⁴ आणि इ³⁵ यांच्या किमती काढा. (सूचना : मैदानावर गिरक्या मोजा.)
२. १३ ही मूळ संख्या आहे. पण (३ + २इ)(३ – २इ) किती?
३. ४ + ३इ ला इ ने गुणा. नवा बिंदू कोठे येतो? शून्यापासूनचे त्याचे अंतर बदलले का?
४. क्ष³ = ३०क्ष + ३६ हे समीकरण वरील रीतीने सोडवा. (सूचना : ३ + इ चा घन करून पाहा.)

उत्तरे : १. –इ, १, –इ. २. १३. ३. –३ + ४इ; अंतर दोन्ही वेळा ५. ४. घनमुळे ३ + इ आणि ३ – इ; क्ष = ६.